माझे उपवास नवऱ्यानं धरले

आयव्हीएफची दुसरी सायकलही फुकट गेली, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी कागदावर एक रेघ मारली. रेघेच्या एका टोकाला 'आज' लिहिलं आणि दुसऱ्या टोकाला 'तीन महिने'.

"पुढच्या वेळी जी बीजं आपण काढू, ती आत्तापासून तयार व्हायला लागलीत," त्या म्हणाल्या. "पिकायला साधारण एवढा वेळ घेतात. तुमचं वय मी कमी करू शकत नाही. पण ती ज्या शरीरात पिकतायत, ते तुम्ही नीट सांभाळू शकता."

मला चाळिसावं लागलं होतं. पहिल्या वेळी तीन बीजं निघाली, दुसऱ्या वेळी चार. दोन्ही वेळा पाचव्या दिवसापर्यंत एकही गर्भ टिकला नाही. आत सोडायला काही उरलंच नाही. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. तुमच्या स्वतःच्या बीजांवर अजून एकदा प्रयत्न करू, नाही जमलं तर दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं का ते दोघांनी ठरवा, असं त्यांनी सांगून टाकलं. नवऱ्याची हरकत नव्हती. माझीही नसावी असं मला वाटत होतं. पण परतीच्या गाडीत बार्शी येईपर्यंत माझं मला कळलं, की आहे. निदान अजून तरी आहे. मला माझ्या आईच्या कुरळ्या केसांचं पोर हवं होतं. त्यासाठी एक शेवटचा प्रयत्न होता आणि हातात तीन महिने होते.

तीन महिने म्हटले की माझ्या डोक्यात आपोआप रकाने पडतात. मी भूमच्या एसटी डेपोत ड्यूट्या लावते. कोण कोणत्या गाडीवर, कोण रात्रीच्या मुक्कामी, कुणाची सुट्टी, कुणाच्या मेहुण्याचं लग्न आहे म्हणून कुणाला मोकळं सोडायचं, हे सगळं माझ्या तक्त्यावर असतं. तक्त्यात बसत नाही अशी गोष्ट मला सुचत नाही. लग्नात रुखवतालासुद्धा मी यादी करून नंबर टाकले होते, त्यावरून सासरचे अजून चिडवतात.

घरी आल्या आल्या मी जुन्या ड्यूटीचार्टची मागची बाजू घेतली आणि आखायला बसले. झोप, चालणं, सकाळचं ऊन, गोळ्या, डाळ-कडधान्य, हिरवी भाजी, दही, मूठभर शेंगदाणे. नवऱ्यासाठी शेजारी वेगळा रकाना केला, कारण डॉक्टरबाईंनी त्यालाही सोडलं नव्हतं. मूल एकटीचं नसतं, म्हणाल्या होत्या. त्याच्या रकान्यात पहिलंच कलम होतं : तंबाखू बंद.

"निम्मी केली तर?" त्यानं विचारलं.

"रकाना निम्मा भरता येत नाही," मी म्हणाले.

तक्ता स्वयंपाकघरातल्या फळीच्या कपाटाला आतून चिकटवला. बाहेरून लावला असता तर गल्लीनं वाचला असता. तरी गल्लीला कळलंच. रोज सकाळी साडेपाचला मी चालायला निघाल्यावर कळणार नाही तर काय? मग सल्ले सुरू झाले. कुणी शतावरी सांगितली, कुणी डाळिंबाची साल वाटून घ्यायला सांगितली. समोरच्या काकूंनी पिंपळाची पाच पानं आणून दिली, ती कशी घ्यायची हे मात्र त्यांना आठवेना. माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, सांगितलं. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. 'विचारायचं' असा एक रकाना वाढवला, त्यात सगळं लिहून घेतलं आणि दर शनिवारी दवाखान्यातल्या सिस्टरला फोनवर वाचून दाखवलं. अकरा गोष्टींतल्या नऊ तिनं खोडायला लावल्या.

"डाळिंबाचे दाणे खा मॅडम, साल राहू द्या. शतावरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ते माडगं खरंच चांगलं आहे, रोज प्या."

आत्यांना हे सांगितल्यावर त्या दोन दिवस गल्लीत मान ताठ करून फिरल्या. "सोलापूरच्या सिस्टरनं माझं पास केलं," म्हणत होत्या.

डॉक्टरबाईंनी उकडलेली अंडी खायला सांगितली होती. आमचं घर लिंगायत, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. तिथं मी फुली मारली आणि मटकी, मूग, जवसाची चटणी वाढवली. अडलं काही नाही.

पहिले सहा आठवडे मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. एकही चौकोन रिकामा नव्हता. सगळीकडे बरोबरच्या हिरव्या खुणा. नवऱ्याच्या रकान्यात तंबाखूपाशी लाल फुल्या होत्या, पण त्या त्याच्या. मग मधली रक्ततपासणी झाली. हिमोग्लोबिन वाढायच्या ऐवजी कमी झालं होतं आणि वजन तीन किलोनं उतरलं होतं.

सिस्टरनं फोनवर विचारलं, "मॅडम, तुम्ही नीट खाताय ना?"

मला राग आला. मी म्हणजे न खाणारी बाई वाटले की काय? मी तिला तक्त्याचा फोटो पाठवणार होते. सुट्टीच्या वेळात डेपोत बसून तो फोटो मोठा करून बघत होते, तेवढ्यात आमच्या डेपोतली एक कंडक्टर परांड्याची फेरी संपवून आली. पिशवी टेबलावर टाकली, डबा उघडला आणि माझ्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. दहा वर्षांची ओळख आहे आमची. ती मुसलमान, मी लिंगायत. तिच्या डब्यातलं मी काय खाते आणि काय नाही हे तिला माझ्या आत्यांइतकंच पाठ आहे.

"ताई, ये 'उ' क्या है? हे 'उ' कशाचं?"

"उपवास."

"सोमवारी उ, मंगळवारी उ, शुक्रवारी पण उ. मंग खाल्लं कवा?"

"खाल्लं नाही. उपवास होता ना."

"आणि खूण बरोबरची?"

"उपवास झाला ना नीट, म्हणून बरोबर," मी म्हणाले.

ती हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी तिला पाणी दिलं. "या अल्ला! दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावती बाई, आणि स्वतःला हप्त्यातून तीन दिवस उपाशी मुक्कामी पाठवती!"

मी लाल पेन घेतलं आणि तिथंच मोजायला बसले. सोमवार महादेवाचा, लग्नाच्या आधीपासूनचा. मंगळवार भवानीचा, पहिली सायकल फसली तेव्हा धरलेला. शुक्रवार दुसरी फसल्यावर. शिवाय माहेरची एकादशी. आणि माझे उपवास कडक. साबुदाणा-बिबुदाणा काही नाही, दिवसभर दोन कप चहा आणि एक केळं, रात्री थोडा भात. बेचाळीस दिवसांत एकवीस. माझा एवढा आखलेला तक्ता बरोबर निम्म्या दिवशी चालू होता, आणि उरलेल्या निम्म्या दिवशी मी मूल व्हावं म्हणून मुलाच्याच तोंडचं काढून घेत होते. हे मला दिसलं नाही, कारण उपवास ही माझ्या लेखी न खाण्याची गोष्टच नव्हती. ते पण एक करायचं काम होतं, आणि केलेल्या कामाला मी खूण करते.

"आता सोडा म्हणते मी," कंडक्टर म्हणाली. "आमच्यात आजारी माणसाला, पोटुशी बाईला रोजा माफ असतो. नंतर भरून काढायचा."

"आमच्यात असं लिहिलेलं नाही कुठं."

"मंग विचारा कुणाला तरी. तुमच्यात विचारायचा रकाना असतो ना?"

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न सुटला नव्हता. उपवास मोडायचा म्हणजे काय? तिसऱ्यांदा नाही जमलं, तर मी आयुष्यभर काय म्हणणार? मी मंगळवार सोडला म्हणून झालं नाही, असंच म्हणणार. डॉक्टरबाईंनी हजार वेळा समजावलं तरी. आणि चालू ठेवले, तर पुढची बीजंही अशीच उपाशी पिकणार. दोन्हीकडून चूक माझीच होत होती, आणि असला चौकोन मला भरता येत नव्हता.

त्या संध्याकाळी भाकरी करता करता मी आत्यांना सगळं सांगितलं. त्या परातीपाशी बसून मेथी निवडत होत्या. 

"त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "उपास घरचा असतो. तू नको धरू, मी धरते. तू खा."

"आत्या, तुम्हाला शुगर आहे. सकाळची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर चक्कर येऊन पडाल."

"पडले तर पडले."

"पडायचं नाही. मला तुमच्यासाठी अजून एक तक्ता करावा लागेल."

नवरा मोरीत हात धुत होता. त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. काळे हात निघायला साबणाची अर्धी वडी जाते. तो आतूनच म्हणाला, "मी धरतो."

आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तू?"

"मी."

"तुला सकाळी नऊला भाकर लागती. बारशाला गेलास तर पाळण्याआधी पंगत कुठंय ते बघतोस. तू उपास धरणार?"

"धरतो म्हणलं ना. तिचं पोट, तिनं खावं. माझं पोट काय कामाला येतंय?"

आत्या हसल्या, मग मी हसले, मग तोही हसला. पण हसून झाल्यावर त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

असं चालतं का, हे मात्र विचारायला हवं होतं. सोमवारी सकाळी आम्ही तिघं गल्लीतल्या महादेवाच्या देवळात गेलो. तिथले स्वामी आमच्या घरचे जंगम, लग्न त्यांनीच लावलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी हिमोग्लोबिनसकट. तक्ताही नेला होता, पण त्यांनी तो बघितला नाही. बराच वेळ त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"झेपंल का रं?"

"झेपवतो, स्वामी."

"मग ठीक हाय. महादेवाला कुणाची भूक नको असती. घरातलं एक माणूस आठवण ठेवतंय एवढं बघतो त्यो." त्यांनी माझ्या कपाळाला विभूती लावली, माझ्या ओंजळीत नारळ आणि पान-सुपारी दिली. ती मी नवऱ्याच्या ओंजळीत ठेवली. झालं. एका माणसाची ड्यूटी दुसऱ्यावर लावायला डेपोत यापेक्षा जास्त कागद लागतात.

तिथून थेट घरी येऊन आत्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मटकीची उसळ, दही. सोमवारी सकाळी दहा वाजता. पहिला घास मी चावतच बसले. लग्नाच्या आधीपासून सोमवारी दिवसा जेवले नव्हते मी. आत्यांनी समोर बसून पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. दुसरा घास गेला. मग मला एवढी भूक लागली की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटावी इतकी भूक. किती दिवसांची साठली होती कोण जाणे.

दुपारी डॉक्टरबाईंना फोन केला आणि दीड महिना वाया गेल्याचं कबूल केलं. मला तीन महिने पहिल्यापासून मोजून हवे होते. त्यांनी विचार केला. या वयात थांबायचं म्हटलं तर त्यांना आवडत नाही, हे त्यांनी सांगितलं. "पण दीड महिन्यानं आभाळ कोसळत नाही. हिमोग्लोबिन वर आणून या." मी कपाटाचा तक्ता काढला आणि नवा आखला. यात 'उ'ला जागाच ठेवली नाही.

आता नवऱ्याच्या उपवासांबद्दल. माझे उपवास कडक होते, त्याचे आत्यांच्या देखरेखीखाली होते. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, मंगळवारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, शुक्रवारी बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू, मध्ये मध्ये केळी. दुकानात डबा जायचा तो दोन मजली. पहिल्या महिन्यात तो दोन किलो वाढला.

"उपासानं सुटलात तुम्ही," मी म्हणाले.

"निष्ठा लागती त्याला," तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र झाली. उपवासाच्या दिवशी तंबाखू चालत नाही, हे आत्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आठवड्यातले तीन दिवस असे गेले. उरलेल्या चार दिवसांत तो आधी चिडला, मग दुकानात दोन गिऱ्हाइकांशी भांडला, मग एकदा मंगळवारी संध्याकाळी चुना-तंबाखूची डबी माझ्या हातात देऊन म्हणाला, "आता बुधवारपुरती काय सुरू करायची?" त्याच्या रकान्यातली पहिली हिरवी खूण मी त्याच्याच हातानं करून घेतली. हे डॉक्टरबाईंच्या सांगण्यानं झालं नव्हतं आणि माझ्या तक्त्यानंही नाही.

मी खात होते, चालत होते, दहाला झोपत होते. रात्रपाळीच्या कटकटी दुसऱ्याकडे दिल्या होत्या. डेपोत मंगळवारी डबा उघडला की कंडक्टर लांबून ओरडायची, "ताई, आज खूण कशाची?" आणि मी चमचा वर करून दाखवायची. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बारावर गेलं. त्याच आठवड्यात इंजेक्शनं सुरू झाली. ती मीच घेत होते, रोज सात वाजता, पोटावर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

बीजं काढली त्या दिवशी सहा निघाली. मी गुंगीतून बाहेर येताच आकडा विचारला. सिस्टर म्हणाली, "सहा, मॅडम. आता शांत पडा." सहा चांगलंच होतं, पण मागच्या वेळी चार असूनही शेवटी शून्य उरलं होतं. सगळं पाचव्या दिवसावर होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी डेपोत होते. एक ड्रायव्हर टेबलासमोर उभा राहून तुळजापूरच्या गाडीवरून वाद घालत होता. गाडीचा ब्रेक बरोबर नाही, मी नेणार नाही, म्हणत होता. फोन वाजला. डॉक्टरबाई स्वतः होत्या.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचे थांबले. पण हा एक चांगला आहे. छान वाढलाय."

 ड्रायव्हर अजून ब्रेकचंच बोलत होता.

"कशामुळं झालं, डॉक्टर?" मी शेवटी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कुणीच सांगू शकत नाही. नुसतं नशीबही असेल. पण तुमची तब्येत या वेळी चांगली होती, एवढं मला दिसलं. उद्या या."

फोन ठेवल्यावर मी ड्रायव्हरला म्हणाले, "दुसरी गाडी घ्या. बरोबर आहे तुमचं." तो गोंधळला. असं मी कधी म्हणत नाही.

आत्यांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एकच?"

"एकच लागतो, आत्या."

"व्हय, ते बी खरंच," त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू ठेवून देवघरात गेल्या. मला घंटी ऐकू आली.

दुसरा दिवस सोमवार होता. सोलापूरला जायचं म्हणून पहाटे निघालो. आत्यांचा डबा गडबडीत घरीच राहिला. दवाखान्यात माझा नंबर येईपर्यंत दुपारचे दोन वाजले, तोवर नवऱ्याचा चेहरा पार उतरला होता. सिस्टरनं त्याला बिस्किटं दिली.

"चालत नाही," तो म्हणाला. "उपवास आहे."

"तुमचा?"

"तिचाच. मी करतोय."

बाकावरच्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. एकीनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. त्या बिचाऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. सिस्टर आत गेली आणि त्याच्यासाठी लिंबूपाणी करून घेऊन आली.

आत गर्भ सोडून झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला तो स्क्रीनवर दाखवला. पांढरा, बारीक ठिपका. नवरा डोळे बारीक करून बघत होता. कसलीशी वायर कुठं जोडायची आहे असा त्याचा चेहरा होता. मग आवाज खाली करून त्यानं डॉक्टरबाईंना विचारलं, "हिनं काही जपायचं का?" "नेहमीसारखं राहायचं आणि जेवायचं," त्या म्हणाल्या.

पुढचे सोळा दिवस मी तक्ता भरला नाही. भरण्यासारखं काही नव्हतं. सोळाव्या दिवशी रक्त दिलं. गर्भ राहिल्याचा आकडा आला होता, पण तो दोन दिवसांत वाढायला हवा, असं त्यांनी सांगितलं, म्हणून घरी काही बोलले नाही. शुक्रवारी दुसऱ्यांदा दिलं. संध्याकाळी पाचला निरोप आला, की वाढलाय, दुपटीहून जास्त.

मी स्कूटी घेऊन थेट दुकानावर गेले. कसली तरी मोटार टेस्टिंगला लावली होती, तिच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. मी हातानं खूण केली, बंद करा. त्यानं बटण दाबलं.

"वाढलाय," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. आता तीन आठवड्यांनी ठोके बघायचे."

 त्यानं फडक्यानं हात पुसले, परत पुसले, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून शेजारच्या गाड्यावर गेला. कांदाभज्यांचा घाणा नुकताच निघाला होता. कागदावर गरम भजी घेऊन तो आला आणि माझ्यासमोर धरून उभा राहिला. त्याचा सकाळपासूनचा उपवास अजून सुटायचा होता. मी उभ्या उभ्या खाल्ली, एकामागून एक. तो बघत होता.

"मीठ बरोबर आहे का?" त्यानं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि कागद रिकामा झाल्यावर तो दुसरा घाणा आणायला गेला.